ऑर्डेल हौगनची हिरवळ आणि पलीकडच्या गावचं अध्यक्षपद

एल्मडाल गावात नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ऑर्डेल हौगनचं घर होतं. घर चारचौघांसारखंच, पण पुढची हिरवळ अशी की कारखान्याकडे साखरेचं बीट घेऊन जाणारे ट्रकवालेसुद्धा तिथे आल्यावर वेग कमी करत. त्याच साखर कारखान्यातून ऑर्डेल निवृत्त झाला होता. आता त्याला दुसरा उद्योग नव्हता, आणि खरं सांगायचं तर नोकरीत असतानाही त्याचं मन या गवतातच अडकलेलं असायचं.

बर्फ वितळला की गावातले उतावळे लोक दाताळी घेऊन अंगणात उतरत. ऑर्डेल उतरत नसे. जमीन ओली असताना पाय ठेवला की माती दबते आणि मुळं गुदमरतात, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की पोस्टमन त्या दिवसांत रस्त्यावरून लांबचा वळसा घालून मागच्या दाराने पत्रं देई. माती मुठीत दाबून भुसभुशीत फुटायला लागली की मगच ऑर्डेलचं काम सुरू होई. बर्फाखाली धरलेली राखाडी बुरशी तो अलगद विंचरून काढी, शेतउंदरांनी गवतातून पाडलेल्या वाटा बुजवी, विरळ जागी बी टाकी. उन्हाळ्यात गवत चार बोटांच्या खाली कधी कापायचं नाही. पानगळीत जमिनीला भोकं पाडून खत द्यायचं. थंडी पडायच्या आधी शेवटची कापणी तेवढी जरा आखूड करायची, नाहीतर लांब गवत बर्फाखाली आडवं पडून कुजतं. एवढ्या मायेने या माणसाने माझ्या केसांकडे कधी पाहिलं नाही, असं त्याची बायको लव्हॉन चर्चमधल्या बायकांना सांगे. लव्हॉन गावची नगराध्यक्ष होती, त्यामुळे तिचं म्हणणं लोक गंभीरपणे ऐकत.

त्या वर्षी हिवाळ्याने कहर केला. रस्ते मोकळे करणाऱ्या वेन्डलला बर्फ लोटायला जागाच उरली नाही, तेव्हा तो येता-जाता ऑर्डेलच्या कोपऱ्यावर ढकलत गेला. मार्चअखेर तिथला ढीग ऑर्डेलच्या गॅरेजपेक्षा उंच झाला. एप्रिल गेला, नदीचा पूर ओसरला, पक्षी आले, लोकांनी जाड कोट पेटीत टाकले, तरी ढीग जागच्या जागी. वर रस्त्याची खडी आणि मीठ, मधे कुणाचा तरी एकच हातमोजा, आणि खाली ऑर्डेलचं गवत. तो रोज खिडकीतून ढिगाकडे बघत कॉफी प्यायचा. चांगल्या घरात येऊन ठाण मांडलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसं.

नदीच्या पलीकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात, ग्रॅनवोल नावाचं गाव होतं. मधे एक पूल. दोन्ही गावांना मिळून एकच पाद्रीबाई होती. ती सकाळी अलीकडे प्रवचन करी आणि मग गाडी काढून पलीकडे तेच प्रवचन करायला जाई. मे महिन्यात दोन्ही चर्चांनी मिळून धिरड्यांची न्याहारी ठेवली. तिथे ग्रॅनवोलची नगराध्यक्ष डार्लिस फोक्ट लव्हॉनला म्हणाली की आमच्या धान्याच्या कोठारामागे अजून एवढा मोठा बर्फाचा ढीग आहे, तुमच्याकडे काय आहे? लव्हॉन म्हणाली, माझ्या दारात आहे. बोलता बोलता पैज लागली. ज्या गावचा ढीग आधी संपेल त्या गावच्या अध्यक्षाने जिंकलेल्या गावात उन्हाळाभर दर शनिवारी गवत कापायचं. ग्रॅनवोल जिंकलं तर लव्हॉनने तिथल्या शाळेचं मैदान कापायचं. एल्मडाल जिंकलं तर ढीग ज्या हिरवळीवर आहे ती हिरवळ डार्लिसने कापायची. पाद्रीबाईला पंच केलं. तिने एकच नियम घातला: ढीग वाचवण्यासाठी कुणीही काहीही करायचं नाही.

ऑर्डेल तेव्हा शेजारच्या टेबलावर धिरड्यांवर पाक ओतत होता. पैज त्याच्या कानावर आली आणि पाक ताटाबाहेर वाहायला लागला तरी त्याला कळलं नाही.

डार्लिस बाई म्हणून वाईट नव्हती. पण तिच्या स्वतःच्या घरापुढे गवताचं पातं नव्हतं. लाल खडी होती आणि तिच्यात लाकडी बदकं उभी केलेली होती. गवत म्हणजे फुकटची कटकट, असं ती उघड बोलायची. ग्रॅनवोलच्या नगरपालिकेकडे गवत कापायचं एकच यंत्र होतं, बसून चालवायचं, रस्त्याकडेचे नाले साफ करायचं. ते खाली मातीपर्यंत कापी आणि वाटेत आलेला डबाही कापी. ते यंत्र आपल्या हिरवळीवरून फिरतंय, असं चित्र ऑर्डेलच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिथून हटेना.

घरी येताना गाडीत तो लव्हॉनला म्हणाला की आपण हरलो तर बरं. लव्हॉनने विचारलं, हरलो तर शाळेचं मैदान कोण कापणार? मी, ऑर्डेल म्हणाला. ते मैदान केवढं आहे माहीत आहे का, तिने विचारलं. माहीत होतं. दगडधोंड्यांचं आणि घुशींच्या बिळांचं होतं, तरी त्याला ते कबूल होतं. लव्हॉन गाडी चालवत राहिली. गावाचा मान काही आहे की नाही, एवढंच ती शेवटी म्हणाली.

मग एल्मडालला त्या ढिगाचं वेड लागलं. लोक संध्याकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन येऊ लागले. आज केवढा उरला, उत्तरेकडून खचला का, यावर चर्चा झडू लागल्या. लहान मुलं जेवायची तिथे, म्हातारे डुलक्या काढायचे तिथे, आणि या सगळ्यांचे पाय ऑर्डेलच्या ओल्या जमिनीवर. खुर्चीच्या पायांनी पडलेली भोकं तो सकाळी बोटाने बुजवत बसे. पोस्टमनही आता सरळ हिरवळीवरून येऊ लागला. सगळं गाव चालतंय तर मीच का नको, असं त्याचं म्हणणं होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी ऑर्डेलने कंबर दुखत असल्याचं सांगितलं. लव्हॉन एकटी चर्चला गेली. रस्ता रिकामा झाल्याबरोबर ऑर्डेल मागच्या अंगणात गेला. तिथे पानांचं कुजवून केलेलं काळं खत साठवलेलं होतं. काळ्या रंगावर ऊन चढतं आणि बर्फ लवकर पाघळतो, हे थंडीच्या मुलखात कुणालाही ठाऊक असतं. त्याने ढकलगाडी भरली, शिडी लावली आणि ढिगावर खत टाकायला सुरुवात केली.

नुसतं भुरभुरवलं असतं तर काम झालं असतं. पण ऑर्डेलला अर्धवट काम करता येत नसे. एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ थर दिसला की त्याचा जीव कासावीस होई. त्याने आणखी एक गाडी आणली, मग आणखी एक. दाताळं उलटं धरून थर सारखा केला, कडा थोपटल्या, उतारावर खत घसरू नये म्हणून हाताने दाबलं. घंटा होऊन लोक बाहेर पडले तेव्हा ढीग टोकापासून पायथ्यापर्यंत वीतभर जाड, गुळगुळीत, काळाभोर झाला होता, आणि ऑर्डेल शिडीवर उभा राहून शेंड्याला शेवटचा हात फिरवत होता.

लव्हॉनने विचारलं, हे काय केलंस? ऑर्डेल म्हणाला, फार गबाळा दिसत होता. ती ढिगाकडे बघत आत गेली. लोकांना मात्र ते पटलं. ऑर्डेलला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

पुढच्या दिवसांत ऊन तापलं, बीटाच्या शेतांत हिरव्या ओळी उगवल्या, पण ढीग काही हलेना. काळ्या पातळ थराने बर्फ वितळतो हे खरं, पण वीतभर जाड थर म्हणजे गोधडीच. खालच्या बर्फाला उन्हाचा पत्ताच लागला नाही. जूनच्या सुरुवातीला पलीकडचा ढीग आधी खुर्चीएवढा, मग टोपीएवढा झाला, आणि एका दुपारी कोठारामागे नुसतंच डबकं राहिलं. एल्मडालने आगीचा बंब बाहेर काढून गावातून मिरवला.

त्याच संध्याकाळी डार्लिस पाद्रीबाईला घेऊन आली. तिने गोधडीवर बोट ठेवलं. हे ढीग वाचवण्यासाठीच घातलंय, नियम मोडला, एल्मडाल बाद, असं तिचं म्हणणं. सगळं गाव खुर्च्यांवर बसलेलं होतं. पाद्रीबाईने ऑर्डेलला पुढे बोलावलं.

ऑर्डेल गॅरेजच्या दारात उभा राहिला. त्याच्या ध्यानात आलं की आता फक्त एकदा मान हलवायची. हो, वाचवायला घातलं, एवढं म्हटलं की पैज हरली, हिरवळ वाचली. पैज लागल्यापासून देवाकडे जे मागितलं ते तोंडाशी आलेलं. फक्त ते खोटं होतं, आणि विचारणारी पाद्री होती.

"ऑर्डेल," पाद्रीबाई म्हणाली, "तुम्ही हे खत ढीग वाचवण्यासाठी टाकलंत का?"

"नाही," ऑर्डेल म्हणाला.

"मग कशासाठी?"

"लवकर मरावा म्हणून."

खुर्च्या करकरल्या. लव्हॉन पायरीवर बसली होती, तिने हातातला कप हळूच खाली ठेवला.

"तुम्ही आपल्याच गावाचा ढीग मारायला निघाला होता?"

"हो. मला गवतावर दुसऱ्या कुणाचं यंत्र चालायला नको होतं. जास्त टाकलं गेलं. मला मोजकं टाकता येत नाही."

पाद्रीबाईने खूप विचार केला. तिच्या नियमात वाचवायला बंदी होती, मारायला नव्हती. आपल्याच गावातलं कुणी ढीग मारायला निघेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ऑर्डेलचा हेतू वाईट होता, म्हणजे नियम पाळला गेला होता. तिने एल्मडालला विजयी ठरवलं आणि ऑर्डेलसाठी सगळ्यांना मिनिटभर प्रार्थना करायला लावली.

गावाने त्याला माफ केलं, कारण गाव जिंकलं होतं. लव्हॉनने माफ केलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. रात्री ताटात भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश वाढताना ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचंस तरी. मी सांगितलं असतं की पातळ टाक."

पहिल्या शनिवारी डार्लिस नाल्याचं यंत्र ट्रेलरवर घालून पूल ओलांडून आली. बघायला सगळं गाव लोटलं. ऑर्डेल तळघरात जाऊन बसला आणि कपडे धुण्याचं यंत्र चालू केलं, म्हणजे बाहेरचं ऐकू येऊ नये. तरी ऐकू आलं. तो वर आला तेव्हा रस्त्याकडेने एक पट्टा मातीपर्यंत तासला गेला होता. हजामाच्या हाताला झटका बसावा तसा. डार्लिस यंत्र वळवून दुसरा पट्टा घ्यायला निघाली होती. ऑर्डेल जाऊन यंत्रापुढे उभा राहिला.

डार्लिसने यंत्र बंद केलं. तीही घामाघूम झाली होती आणि तिला हे काम मनापासून नको होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण शब्द दिला होता. ग्रॅनवोलच्या अध्यक्षाने गवत कापायचं, आणि मी ग्रॅनवोलची अध्यक्ष, असं ती म्हणाली.

"तुम्ही आजारी पडलात तर अध्यक्ष कोण असतं?" ऑर्डेलने विचारलं.

"मी ज्याला नेमीन तो."

"तो ग्रॅनवोलचाच असावा लागतो?"

डार्लिस विचारात पडली. तसं कुणी कधी लिहून ठेवलेलं तिच्या आठवणीत नव्हतं. मागच्या अध्यक्षाने एकदा शिकारीला जाताना आपल्या मेहुण्याला नेमलं होतं, आणि तो तर कॅनडाचा होता. तिने डोक्यावरची निळी टोपी काढली, जिच्यावर पिवळ्या दोऱ्याने 'अध्यक्ष' असं भरलेलं होतं, आणि ती ऑर्डेलच्या डोक्यावर ठेवली.

"गवत कापून होईपर्यंत," ती म्हणाली, आणि जाऊन लव्हॉनशेजारी पायरीवर बसली. लव्हॉनने तिला कॉफी आणि रूबार्बच्या आंबटगोड वड्या दिल्या.

ऑर्डेलने गॅरेजमधून आपलं यंत्र काढलं, पातं चार बोटांवर लावलं आणि कापायला लागला. एल्मडालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रॅनवोलचा अध्यक्ष आपल्या गावात घाम गाळतोय हे पाहून त्यांना धन्य वाटलं, मग तो अध्यक्ष ऑर्डेल का असेना.

दर शनिवारी हे असंच चालू झालं. ग्रॅनवोलमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. डार्लिसने ज्यांना वर्षानुवर्षं बघू, करू, म्हणत टोलवलं होतं, ते शनिवारी पूल ओलांडून ऑर्डेलच्या कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. ऑर्डेल आधी त्यांना हाताने हाकलायचा. पण ते हटत नसत, आणि ओल्या भागात पाय ठेवतील ही धास्ती, म्हणून तो यंत्र थांबवून ऐकून घेई. एका माणसाने सांगितलं की ग्रॅनवोलचा दुपारचा भोंगा कित्येक वर्षं वेळेआधी वाजतो, कारण वाजवणाऱ्याला लवकर भूक लागते, आणि त्यामुळे सगळं गाव स्वयंपाक व्हायच्या आतच जेवायला बसतं आणि अर्धपोटी उठून शाळेत, दुकानात धावतं. ऑर्डेल म्हणाला, घड्याळ बघून वाजवा. तो माणूस टोपी काढून उभा राहिला. असं स्पष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारपासून भोंगा वेळेवर वाजू लागला. मग रांगच लागली. एकीला कुत्र्याच्या भुंकण्याचा निवाडा हवा होता, एकाला बाकडं हवं होतं. ऑर्डेल यंत्र सुरू करायचा दोर हातात धरून एकेक निकाली काढी आणि पुढचा पट्टा धरी. डार्लिस वड्या खात ऐकत असे. माझ्या डोक्याचा भार उतरला, असं ती लव्हॉनला म्हणे.

ऑगस्टमध्ये लव्हॉनने पुलाचा विषय काढला. पुलाचे कठडे गंजले होते आणि रंग कुणी द्यायचा यावरून दोन गावांचं कधीपासून अडलं होतं. डार्लिसने हात झटकले. आत्ता मी कुणीच नाही, अध्यक्षांना विचार, असं ती म्हणाली. लव्हॉन हसतच हिरवळीच्या कडेला गेली. नवरा आहे, दोन मिनिटांत आटपेल, असा तिचा हिशोब होता.

ऑर्डेलने यंत्र बंद केलं. ग्रॅनवोलने कठडे रंगवावेत, असं लव्हॉनने सांगितलं. ऑर्डेलने टोपी सारखी केली आणि विचारलं की पुलावरून बीटाचे ट्रक कोणत्या गावाकडे जातात. एल्मडालकडे, कारण कारखाना एल्मडालला. मग पूल झिजवतं कोण? लव्हॉन म्हणाली, अर्धा-अर्धा करू. ऑर्डेल म्हणाला की ग्रॅनवोलला ते परवडत नाही, त्यांनी नुकतंच बाकडं केलं आहे. सगळा पूल एल्मडालने रंगवावा. आणि रंग निळा असावा, कारण ग्रॅनवोलकडून बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर सकाळचं ऊन येतं आणि त्यांना पांढरा सोसत नाही.

"ऑर्डेल," लव्हॉन खालच्या आवाजात म्हणाली, "मी तुझी बायको आहे."

"आत्ता नाही," ऑर्डेल म्हणाला. "कापून होऊ दे."

कुंपणापलीकडे ग्रॅनवोलचे लोक श्वास रोखून उभे होते. लव्हॉन त्यांच्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. आपल्या संसारात या माणसाने कुठल्या गोष्टीसाठी असा पाय रोवलेला तिने पाहिला नव्हता. गवत सोडून. शेवटी तिने हात पुढे केला आणि एल्मडालने अख्खा पूल निळा रंगवायचं मान्य केलं.

त्या रात्री तिने नाताळची ताटं काढली, टेबलावर मेणबत्ती लावली आणि त्याला पाहुण्यासारखं आधी वाढलं. ऑर्डेलने जेवण छान झाल्याचं दोनदा सांगितलं. झोपताना तिने विचारलं, "एवढं माझ्यासाठी कधी भांडलास कुणाशी?" ऑर्डेलने खूप आठवून पाहिलं. तुझ्यासाठी तूच भांडतेस, माझ्यावर कधी वेळच येत नाही, असं काहीतरी तो बोलणार होता, पण ते नीट जुळेना. मग त्याने तिच्या पायांवर पांघरूण सारखं केलं. ती बराच वेळ जागी होती आणि मधेच एकदा तिला हसू आलं, ते त्याला ऐकू आलं.

ढीग तोवर कधीच संपला होता. जुलैत एके दिवशी खत खाली बसलं आणि आत काही उरलं नसल्याचं कळलं. त्या जागी गवत नव्हतं. रस्त्याच्या मिठाने माती करपली होती. ऑर्डेलने पाणी मुरवून मुरवून मीठ खाली उतरवलं, खडी वेचली, वरची माती बदलली. सप्टेंबरात सगळ्या हिरवळीला भोकं पाडली, खत दिलं. ऑक्टोबरात शेवटची आखूड कापणी झाली आणि त्याने टोपी धुऊन, इस्त्री करून डार्लिसला परत दिली. ग्रॅनवोलचे लोक पुलापर्यंत आले होते. दोघीतिघींनी डोळे पुसले. भोंगा वाजवणारा तेवढा आला नाही.

नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या बेतात आली असताना, करपलेल्या जागी बी टाकायचं होतं. एवढ्या थंडीत टाकलेलं बी उगवत नाही. ते बर्फाखाली झोपून राहतं आणि वसंतात जमीन सैल झाली की आपोआप जागं होतं. ऑर्डेल बियांची बादली घेऊन बाहेर आला तेव्हा डार्लिस दारात गाडी लावत होती. शनिवार होता. पैज संपली होती, तिला यायचं कारण नव्हतं. घरी काही सुचेना, असं ती म्हणाली, आणि तिने बादलीत हात घातला.

ऑर्डेलने तिला दाखवलं. मूठ सैल धरायची, मनगट हलवायचं, आधी उभं टाकत जायचं, मग आडवं. डार्लिसने मान डोलावली आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं फेकायला लागली. एकीकडे ढीग पडला, दुसरीकडे दाणाही नाही. ऑर्डेल तिच्यामागून दाताळ्याची पाठ फिरवत माती सारखी करत गेला. ती खडीतल्या बदकांबद्दल, भोंग्याबद्दल, लव्हॉनच्या वड्यांबद्दल बोलत होती, आणि तिचं नाक थंडीने लाल झालं होतं. काम संपल्यावर ती कमरेवर हात ठेवून त्या जागेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली की हे उगवेल तेव्हा मला फोन करा.

ती गेल्यावर पुन्हा नीट पेरू, असं ऑर्डेलने ठरवलं होतं. तिची गाडी पुलावर निळ्या कठड्यांमधून जाताना दिसली. बादलीत बी उरलेलं होतं, उजेडही होता. लव्हॉनने आतून हाक मारली, कॉफी गार होतेय म्हणून. ऑर्डेल क्षणभर तिथेच उभा राहिला, मग बादलीवर झाकण ठेवून आत गेला.